ठाणे-नवी मुंबईत कोण कुठे राहतं, आणि त्यात विकास आराखड्याने काय करावं?

तलावपाळी (धागाकर्ता)

ठाण्यात भाड्याचं घर शोधायला गेलात तर दलाल दोन गोष्टी विचारतो: बजेट किती आणि आडनाव काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्याचं फारसं महत्त्व उरत नाही. कुठली घरं दाखवायची ते त्याने ठरवलेलं असतं.

कोण कुठे राहतं हे इथे सगळ्यांना पाठ आहे. मुसलमानांची राबोडी-महागिरी, मराठी मध्यमवर्गाचा नौपाडा, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले ती कोपरी, चेंदणीचा कोळीवाडा. १९६२ ला वागळे इस्टेट उभी राहिली आणि तिच्या आधाराने किसननगर कामगारांनी भरलं. यातलं बरंचसं कोणी मुद्दाम केलेलं नाही. नवा माणूस गाववाल्याच्या शेजारी खोली घेतो. पहिल्या महिन्यात त्याला उसने पैसे आणि डबा तिथेच मिळतो. यात आक्षेप घेण्यासारखं मला काही दिसत नाही.

मुंब्र्याचं प्रकरण निराळं आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून हजारो मुसलमान कुटुंबं तिकडे गेली. ती तिथे गेली कारण बाकी ठिकाणी राहणं धोक्याचं वाटत होतं. वस्ती आधी आली. रस्ता, पाणी आणि परवानग्या मागून आल्या, काही आल्याच नाहीत. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून रेल्वे आणि डोंगराच्या अंगाने बायपास. भूगोलानेच कुंपण घातलेलं, त्यात माणसांनी भर टाकली.

इतके दिवस ऐकत आलोय की 'लोकांना एकत्र राहायला शिकवलं पाहिजे'. माझ्या मते नगररचनाकाराला हे जमणार नाही, आणि त्याने ते करूही नये. कोणाच्या शेजारी कोण राहणार हे महापालिकेने ठरवायला सुरुवात केली तर काय होईल याची कल्पना करा. पण एक गोष्ट पूर्णपणे तिच्या हातात आहे: सार्वजनिक जागा कुठे ठेवायच्या. आपल्याकडे शाळा, दवाखाना, मैदान, मंडई, ग्रंथालय प्रत्येक वस्तीच्या पोटात टाकतात, आणि दोन वस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात नाला, डेपो, कचरा, टोइंगच्या गाड्या. मग त्या पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर कोणी फिरकत नाही, आणि 'पलीकडे' ही गोष्ट पक्की होते.

उलट उदाहरण गावातच आहे. मासुंदा तलाव. काठावर कौपिनेश्वर, थोड्या अंतरावर जुनं सेंट जॉन चर्च, टेंभी नाक्याकडे १८७९ चं बेने इस्रायलींचं सिनेगॉग, जरा चालत गेलं की महागिरी आणि दुसरीकडून राबोडी. यातल्या कोणाचाच तलाव नाही, म्हणून संध्याकाळी सगळे कठड्यावर. कोणी कोणाला घरी बोलावत नाही, पण कणीस एकाच गाडीवर खातात. मला एवढंच पुरेसं वाटतं.

तर प्रश्न असा: आराखड्यात वस्त्यांच्या शिवेवरचे भूखंड शोधून मोठ्या सुविधा तिथेच द्याव्यात का? की हे पुस्तकी आहे?

(मोठं झालं, माफी असावी.)

---

चिंगी_नौपाडा

वाचतेय. कणसावाल्याला फार मोठी जबाबदारी दिलीत तुम्ही. 😀

---

कायदा_पाहिजे

इतकं घोळवत बसण्यापेक्षा सिंगापूरसारखा कोटा लावा. प्रत्येक बिल्डिंगमध्ये ठरावीक टक्के. विषय संपला.

---

बेडोक_ते_बेलापूर

>> सिंगापूरसारखा कोटा लावा

मी तिथे अकरा-बारा वर्षं काढलीत, तेव्हा थोडं सांगतो.

तो नियम १९८९ चा. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना लागू. एका इमारतीत चिनी जास्तीत जास्त ८७ टक्के, मलय २५, भारतीय आणि इतर १५. पूर्ण परिसरासाठी प्रत्येकी तीन टक्क्यांनी कमी. भारतीयांचा आकडा २०१० मध्ये वाढवला, आधी तो १३ होता. हे चालतं कारण तिथले साधारण ८० टक्के लोक त्या एकाच मंडळाच्या घरात राहतात आणि जमीन बहुतेक सरकारची. आपल्याकडे म्हाडा आणि सिडको दोन्ही मिळून किती घरं बांधतात?

आणि त्याचा भुर्दंड कोणाला पडतो तेही बघा. इमारतीचा चिनी कोटा भरलेला असेल तर तिथल्या तमिळ माणसाला आपलं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही. ७४ टक्के बाजारपेठ त्याला बंद. मग भाव पाडून विकावं लागतं. ही तक्रार इतकी वाढली की २०२२ पासून काही अटींवर मंडळ स्वतः ते घर विकत घेतं. मिसळ झाली, नाही असं नाही. माझ्या मजल्यावर तीन भाषा होत्या. पण किंमत अल्पसंख्याकाच्या खिशातून गेली.

डेन्मार्कने तर २०१८ ला कायदाच केला. काही ठरावीक वसाहतींमधली सार्वजनिक कुटुंबघरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. म्हणजे पाडा, विका, लोक हलवा. आपल्याकडे असा कायदा आला तर कोणाची घरं आधी पडतील, तुम्हीच सांगा.

---

कौसाकर

बरेच दिवस नुसता वाचक होतो. मुंब्र्याचं नाव आलं म्हणून लिहितो.

आमचं घर मुंब्र्याला लागून असलेल्या कौशातलं, जुनं. मुंब्रा म्हटलं की सगळ्यांना ९३ नंतरचं आठवतं, पण कौसा हे कोकणी मुसलमानांचं गाव आधीपासूनचं. आजी कोकणीच बोलायची, भात लावायची. शेजारी आगरी. मुंब्रादेवी वर डोंगरावर आहे ती आम्हाला लहानपणी पायऱ्या चढायच्या शर्यतीची जागा. ९३ नंतर जे आले ते कुर्ल्याहून, गोवंडीहून, कुठून कुठून. त्यांना आम्ही 'मुंबईवाले' म्हणायचो. म्हणजे बाहेरून एकसारखा दिसणारा मुंब्रा आतून अजिबात एकसारखा नाही. बोहरा, कोकणी, युपीवाला, मालेगाववाला, प्रत्येकाची गल्ली, प्रत्येकाची मशीद.

दलालाचं म्हणाल तर माझ्या बहिणीला कापूरबावडीजवळ घर हवं होतं, तिची नोकरी तिथे. फोन मी केला. मराठी ऐकून दलाल खूश. "या ना दादा, आज संध्याकाळीच दाखवतो, टू बीएचके, पूर्वाभिमुख, देवघराला जागा आहे." मी म्हटलं देवघर नको. म्हणाला का हो? मी नाव सांगितलं. मग लाइन कट नाही झाली, ते बरं होतं. म्हणाला, "दादा, माझं काही नाही हो, सोसायटीचं जरा… मी मालकाला विचारून फोन करतो." तो फोन आजतागायत यायचाय. त्याचा राग नाही, त्याने निदान आवाज तरी खाली केला.

आता मुद्द्याचं. वस्ती वेगळी राहते हे एक, आणि वेगळ्या वस्तीला सगळंच वेगळं मिळतं हे दुसरं. ४००६१२ हा पिनकोड सांगितला की कर्जवाला म्हणतो 'एरिया निगेटिव्ह आहे'. बांधकामाला सीसी (काम सुरू करायची परवानगी) नाही, ओसी (राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही, मग बँक नाही, मग रोख व्यवहार, मग आणखी बेकायदा मजले. एप्रिल २०१३ मध्ये शीळफाट्याला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. काही महिन्यांत उभे केलेले मजले होते, काम चालू असतानाच लोक राहायला आले होते. स्वस्त होतं म्हणून आले. आणि स्वस्त घर त्यांना दुसरीकडे कोणी देत नव्हतं म्हणूनही.

तुमची मैदानाची कल्पना चांगली आहे. पण आधी ओसीचं बघा, साहेब.

---

दिवा_लोकल

कौसाकर दादा, ४००६१२ हा आमचाही पिनकोड!! मुंब्र्यापुढच्या दिवा स्टेशनचा. आणि आम्ही बहुतेक सगळे कोकणातले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगड. कुरिअरवाला, कर्जवाला आम्हालाही तेच ऐकवतो. मुंब्र्यात धर्मामुळे म्हणतात, मग आमच्याकडे कशामुळे? बेकायदा बिल्डिंग, टँकरचं पाणी, फाटकावरची गर्दी, सगळं सेम. जानेवारी २०१५ ला दिव्यात लोक रुळांवर उतरले तेव्हा टीव्हीवाल्यांनी आम्हाला दंगेखोर म्हटलं. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर डब्याबाहेर लटकणारी माणसं पडून गेली. ती कुठल्या गल्लीतली होती ते डब्याने विचारलं नाही.

खरं बोलायचं तर दिव्यातला माणूस मुंब्र्याला नावं ठेवतो आणि दोघेही आठ सदतीसला एकाच दांड्याला लटकतात.

---

तलावपाळी

दिवाताई, तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा अधिक नेमका झाला. वस्ती वेगळी होण्याची कारणं वेगवेगळी: एकीकडे भीती, एकीकडे फक्त स्वस्ताई. पण त्यानंतर पालिका आणि बँक दोघींना सारखंच वागवतात, आणि वस्ती घट्ट करण्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. म्हणून ओसी आणि मैदान या दोन गोष्टी मला एकाच कामाच्या वाटतात.

---

सी_प्लस_प्लस_वाला

शेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक खेळ मांडला होता. बुद्धिबळासारखा पट, दोन रंगांच्या सोंगट्या. प्रत्येकीची मागणी किती माफक? 'माझ्या शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश माझ्या रंगाचे असावेत.' म्हणजे दोन तृतीयांश दुसरे चालतात. तरीही जी असमाधानी असेल तिला हलवत गेलात तर थोड्याच फेऱ्यांत पट दोन गटांत फाटतो. कोणीही द्वेष्टं नसताना.

मी ऑफिसात वेळ जात नव्हता तेव्हा लिहून पाहिलाय, पन्नास ओळींचा प्रोग्राम आहे. पडद्यावर डाग जमा होताना बघून खरंच कसंतरी होतं. तात्पर्य काढत नाही, पण 'लोकांची मनं बदला' म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं. मनं बरीच बदललेली असली तरी नकाशा असाच निघतो.

---

शाकाहारी_आणि_निवांत

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो, दगड मारू नका.

माझी सोसायटी एका समाजाची आहे. नाव सांगत नाही. आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून जमीन घेतली. जिन्यात मासळीचा वास नको, पर्युषणात आवाज नको, एवढीच आमची इच्छा. घटनेने संघटना करण्याचा हक्क दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या बाजूने निकाल दिलाय, तो वाचा. मग आम्हीच गुन्हेगार कसे?

---

आगरी_बाणा

मासलीचा वास नको तर खाडीच्या काठाला कशाला आलात भाऊ? 😀 आमी कुटं जाव?

---

संपादक मंडळ

वास आणि मासळी यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. राजकीय पक्षांची नावं आणि व्यक्तिगत टोले टाळा. विषय नगररचना आहे.

---

उपविधी_वाचलेली_बाई

शाकाहारी साहेबांनी सांगितलेला निकाल खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. त्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीतच, म्हणजे नियमावलीतच, 'सभासद फक्त पारशी' असं लिहिलं होतं, ती सोसायटी १९२६ ची, आणि तिथला गुजरातचा सहकार कायदा अशा उपविधीला आड येत नाही एवढंच न्यायालय म्हणालं. तुमच्या उपविधीत तसं लिहिलं असेल तर बोला. ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांनी सरकारचे आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेत. त्यांना हा निकाल उपयोगी पडत नाही. त्यांना महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याचं कलम २३ लागू: पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. धर्म, जात, भाषा, ताटातलं काही, हे कारण होत नाही.

मी सात वर्षं सेक्रेटरी होते, म्हणून हेही सांगते की नकार कागदावर कधीच येत नाही. तो 'एनओसी'च्या नावाने येतो. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. भाड्याने देताना आठ दिवस आधी कळवायचं, परवानगी मागायची नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही, हस्तांतर अधिमूल्य (घर विकताना सोसायटी घेते ते) जास्तीत जास्त २५ हजार. हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. पण मालकाला वाद नको असतो, भाडेकरूला महिनाअखेरीस छप्पर हवं असतं, आणि कमिटी म्हणजे तीन निवृत्त गृहस्थ आणि एक लॅमिनेट केलेला फलक: 'बॅचलर्स, नॉनव्हेज, पेट्स आणि इतर' नको. 'इतर'मध्ये कोण, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

---

घणसोली_गाववाला

तुम्ही सगळे ठाण्याचं बोलताय, खाडीच्या पलीकडे या.

सिडको १९७० ला आली. तीनशे चव्वेचाळीस चौरस किलोमीटर, पंच्याण्णव गावं. आराखड्याच्या कागदात छान छान लिहिलं होतं, निरनिराळ्या थरांना मिळणाऱ्या सोयींमधली दरी कमी करायची, स्थानिकांना नव्या शहरात सामावून घ्यायचं. आमच्या बापांनी मिठागरं आणि भातशेती दिली. सामावून घेणं कसलं, १९८४ ला उरण परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्यासाठी आमचे नेते दि. बा. पाटील यांना किती झगडावं लागलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण मला वेगळंच सांगायचंय. सेक्टरमध्ये जा. कुठल्या गेटवर कोण आत येतं ते ठरलेलं. नेरूळला दाक्षिणात्य, कोपरखैरण्याला माथाडींची घरं, म्हणजे सातारा-पुण्याकडची मंडळी. वाशी स्टेशनच्या पलीकडे तर एकेका राज्याचं भवन रांगेत उभं. आणि गावठाणात या. माझ्या चाळीत खाली एक केरळी नर्स, बाजूला बिहारचा सुतार, वर मालेगावचा रिक्षावाला आणि त्याची बायको, कोपऱ्यात विदर्भातली दोन पोरं कॉल सेंटरची. नळावर चार भाषांत भांडण होतं. मी त्यांच्याकडून डिपॉझिट घेतो, आधारची झेरॉक्स घेतो, पोलिसात फॉर्म देतो, बाकी काही विचारत नाही. कशाला विचारू? खोली रिकामी राहिली तर माझा हप्ता कोण भरणार?

मजा बघा. आराखड्याने बसवलेलं शहर वेगळं वेगळं राहतं, आणि आराखड्याने ज्याला 'अतिक्रमण' म्हटलं तिथे सगळे एकत्र. माझी चाळ उद्या क्लस्टरमध्ये, म्हणजे समूह पुनर्विकासात, गेली की तिथे टॉवर येणार, मेंटेनन्स सहा हजार. ती नर्स कुठे जाणार? जिथे तिच्यासारख्याच सगळ्या असतील तिथे.

---

चिंगी_नौपाडा

घणसोली_गाववाला यांचा प्रतिसाद खरं तर वेगळा धागा व्हायला हवा.

---

वास्तु_शेवटचं_वर्ष

गाववाले काका म्हणतात ते बरोबर, पण सिडकोच्याच काळात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज झालं तेही बघा. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलं. सात सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, तीन अंगणांचं एक मोठं अंगण, असं वाढत जाणारं. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे गरीब-श्रीमंताच्या जमिनीत फरकच फार नाही. शेजाऱ्याबरोबर भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला परवडेल तसं तो घर वाढवू शकतो. आम्ही मोजमापं घ्यायला गेलो होतो. मूळ घर जसंच्या तसं राहिलेलं शोधावं लागतं, बहुतेकांवर दोन-तीन मजले आणि टाइल्सचे हत्ती-मोर. पण अंगणं वाचलीत, कारण अंगण कोणा एकाच्या नावावर नाही.

आमच्या प्रोफेसरांना ते मोर आवडत नाहीत. मला आवडले.

---

जाणता_राजाभाऊ

धागाकर्त्यांना एक थेट विचारतो. शिवेवर शाळा-दवाखाना ठेवा म्हणता. बेलफास्टला १९६९ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या शिवेवर भिंती उभ्या आहेत. २०१३ मध्ये सरकार म्हणालं २०२३ पर्यंत सगळ्या काढू. अजून उभ्या आहेत, काही ठिकाणी फाटकं रात्री बंद होतात. आणि भिंत राहू द्या म्हणणारे बरेच जण तिथलेच रहिवासी आहेत, कारण रात्री दगड त्यांच्याच खिडकीवर येतो.

जाळपोळ झाली तर पहिली जळते ती शिवेवरचीच गोष्ट. तिथे आपल्या पोरांची शाळा ठेवायची? कागदावर शीव फार सुंदर दिसते हो.

---

तलावपाळी

राजाभाऊ, हा या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी तो उडवून लावणार नाही.

फक्त शाळा ठेवली तर तुम्ही म्हणता तसंच होईल. शाळा दुपारी सुटते, रविवारी बंद, मे महिना बंद. वर्षातला निम्मा वेळ ती इमारत ओस असते, आणि ओस इमारतीचा कोणी वाली नसतो. म्हणून मी शिवेवर अशा गोष्टी मागतो ज्या सकाळी सहा ते रात्री अकरा चालतात आणि ज्यांच्यावर दोन्हीकडच्यांचं पोट आहे: मंडई, बसथांबा, रिक्षा स्टँड, रुग्णालय. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय घ्या. तिथे मुंब्रा, दिवा, कळवा, खारीगाव, पार शहापूरकडून माणसं येतात. बाहेरच्या चहावाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना सगळे लागतात.

तरीही दंगलीच्या रात्री कुठलीच मंडई कोणाला वाचवत नाही, हे मान्य. आराखडा पोलिसांचं काम करू शकत नाही.

---

कौसाकर

राजाभाऊ, एक सांगू? ९३ ला जे कुटुंब माझ्या मावशीकडे येऊन राहिलं, ते शिवेवरचं नव्हतं. ते मोठ्या सोसायटीत एकटंच होतं. एकटं असणं जास्त भीतीचं. म्हणून मला सिंगापूरचा कोटाही नको वाटतो, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक-एक वाटून दिलेलं घर. आपली गल्ली आपली राहू दे, पण तिच्या टोकाला बाहेर पडायला चांगली जागा हवी. एवढंच मला म्हणायचंय.

---

सोडत_नंबर_लागला

कोटा नको, बळजबरी नको, मग तरीही मिसळ हवी असेल तर आपल्याकडे एक जुनी युक्ती आहे आणि तिचं नाव कोणी घेतलं नाही: म्हाडाची सोडत.

मला कोकण मंडळाच्या सोडतीत ठाण्यात घर लागलं, २० टक्के योजनेतलं. २०१३ पासून नियम आहे, मोठ्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बिल्डरने २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी द्यायची. सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६ टक्के, इतर राखीव, बाकी सर्वसाधारण. संगणकाला धर्म-भाषा ठाऊक नाही. आमच्या मजल्यावर चार घरं: एक पवार, एक शेख, एक यादव, एक गायकवाड. ठरवून आणले असते तर कोणी म्हटलं असतं मालिकेचं शूटिंग चाललंय.

दोन अडचणी. एक, बिल्डरने आमची इमारत वेगळी ठेवली, गेट वेगळं, आणि आम्हाला लिफ्ट फक्त एक. पोहण्याचा तलाव पलीकडच्या टॉवरवाल्यांचा. आमची मुलं ग्रिलमधून बघतात. दोन, पाच वर्षांनी घर विकता येतं. मग सी प्लस प्लस भाऊंच्या सोंगट्या हलायला लागतील.

---

सी_प्लस_प्लस_वाला

गेट एक असावं ही अट घालता येईल की परवानगी देतानाच. जिना-लिफ्ट नाही जमली तरी गेट आणि खेळायची जागा. हे मनावर अवलंबून नाही, ले-आउटवर आहे.

---

उपविधी_वाचलेली_बाई

+१. आणि शाळेचंही असंच. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा, पण प्रवेश अंतरावर. आधी एक किलोमीटरच्या आतले. वस्तीच एकरंगी असेल तर त्या किलोमीटरात दुसरा रंग येणार कुठून? शाळा शिवेवर असेल तर तोच किलोमीटर दोन्हीकडे पसरतो. धागाकर्त्यांच्या म्हणण्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, आणि ती त्यांनी लिहिलीच नव्हती.

---

शाकाहारी_आणि_निवांत

मैदान सामाईक ठेवायला माझी हरकत नाही. घर माझं, मैदान सगळ्यांचं. हे मला चालतं.

---

दिवा_लोकल

चला, शाकाहारी काकाही मैदानापर्यंत आले. 🙂

पण मैदान आहे कुठे? आमच्याकडे आराखड्यात आरक्षण आहे, जमिनीवर चाळ आहे.

---

तलावपाळी

दिवाताई, तीच तर गोम आहे. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७: आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो, त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. शिवेवरचे भूखंड सगळ्यात आधी असे सुटतात. आतल्या भूखंडासाठी तिथला नगरसेवक ओरडतो. शिवेवरचा भूखंड दोन प्रभागांच्या मध्ये, कोणाचाच मतदार नाही. म्हणून ओरडायचं काम दोन्हीकडच्यांनी मिळून करायला हवं. प्रारूप आराखडा निघाला की कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात बदल हवा असेल तर कलम ३७. आपण किमान दोन-तीन भूखंड नेमके दाखवून अर्ज टाकू शकतो. कौसाकर, तुमच्या लक्षात एखादा आहे का?

---

कौसाकर

आहे एक. बायपासखाली, कौसा आणि शीळच्या मध्ये. आता तिथे भंगारच्या गाड्या लागतात. एका बाजूला आमची वस्ती, दुसऱ्या बाजूला आगऱ्यांची घरं. बसथांबा आधीच आहे.

अर्ज मराठीत चालतो ना? आणि कोणाच्या नावाने?

---

उपविधी_वाचलेली_बाई

मराठीतच द्या. कोणाही रहिवाशाच्या नावाने चालतो, पण दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, पत्त्यासकट. 'बायपासखालचा भूखंड' असं लिहू नका, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहा, आराखड्याच्या नकाशाचा तुकडा जोडून त्यावर लाल पेनाने खूण करा. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. उद्या या म्हणाले तरी.

---

आगरी_बाणा

शीळला माझा मामेभाऊ हाय. आगऱ्यांच्या सह्या मी आनतो. मैदानात कबड्डीचा कोर्ट पायजे पन, आधीच सांगतो.

---

कौसाकर

कबड्डीला आमची पोरं तुमच्याहून बरी आहेत, भाऊ. सोमवारी तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढतो, नंबर इथेच टाकतो.